वसतिगृहास निघालेल्या लेकरांस व त्यांच्या आईबापांस

(बारावी होऊन पुढील शिक्षणासाठी परगावी निघालेल्या मुलामुलींची व त्यांच्या पालकांची बैठक बदलापुराजवळच्या एका गावी शाळेच्या ओसरीत भरली होती. त्या वेळी तेथील शाळामास्तरांनी केलेले हे भाषण.)



भाताची रोपे लावणीस आली आहेत. अशा दिवसांत एक दिवस मोडणे म्हणजे काय, हे आम्ही शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो असल्यामुळे पुरते जाणतो. आपण चिखलाचे पाय धुऊन येथे आलात. कुंभारदादांनी चाक थांबविले, सुतारदादांनी रंधा खाली ठेवला, आणि उल्हासनगरास कपडे शिवण्याच्या कारखान्यात जाणाऱ्या आमच्या भगिनी अर्धा रोज बुडवून आल्या. तेव्हा शब्दांचा फुलोरा करून आपला वेळ दवडण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही काही गाजलेले वक्तेही नव्हे. अध्यापक विद्यालयातून बाहेर पडल्यापासून वीसाहून अधिक वर्षे खेड्यांतल्या शाळांत खडू झिजविला, एवढीच आमची शिदोरी. आज बोलावयास उभे राहिलो याचे कारण आमच्या मनाला लागून राहिलेली एक बोच आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे आपणांस नीट उमगेल.

आमच्या हाताखाली एक कुंभाराचा मुलगा शिकला. हात असा, की फळ्यावर एका दमात वर्तुळ काढावे व ते कंपासाने काढल्यासारखे उतरावे. दहावी होऊन तो पदविकेच्या शिक्षणास लांबच्या एका गावी गेला व तेथील वसतिगृहात राहिला. बापाने भट्टीच्या जळणासाठी ठेवलेले पैसे त्याच्या हाती दिले. दिवाळीस मुलगा घरी आला. रस्त्यात आम्हांस भेटला. आम्ही विचारले, 'कसे काय चालले आहे?' तो म्हणाला, 'बरे आहे, गुरुजी.' आम्ही खूश होऊन पाठीवर थाप मारली व आपल्या वाटेने गेलो. तो मुलगा परत गेलाच नाही. खरे काय ते वर्षभराने कळले. तेथील वरच्या वर्गातील टोळके त्याच्याकडून रोज रात्री कपडे धुऊन घेत असे. जेवणाचे पैसेही त्यांनी उसने म्हणून काढून घेतले होते. तो कित्येक रात्री उपाशी निजला. बापाला सांगावे तर बापाचे काळीज फाटेल, आणि गुरुजींना सांगावे तर गुरुजी म्हणतील, मुलगा कच्चा निघाला. म्हणून तो गप्प राहिला. आज तो अंबरनाथ स्टेशनाबाहेर रिक्षा चालवितो. रिक्षा चालविणे हे प्रामाणिक कष्टाचे काम आहे, त्यात लाज कसली? परंतु तो हात रेषा काढण्यासाठी जन्मला होता. आम्ही भेटलो, की तो आग्रहाने रिक्षात बसवितो व आमच्याकडून भाडे घेत नाही. मंडळी, ते न घेतलेले भाडे आम्हांस फार महाग पडते! त्या दिवाळीत आम्ही आणखी दोन प्रश्न विचारले असते, 'रोज पोटभर जेवतोस का? रात्री स्वस्थ झोपतोस का?', तर कदाचित एक संसार निराळ्या मार्गाला लागला असता. त्या चुकीची फेड म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत.

आता कोणी म्हणेल, मास्तर, एवढे जर धोके तर पोरांस वसतिगृहात धाडावेच कशाला? बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या तिन्ही ठिकाणी लोकलगाडी आहे. जावे सकाळी, यावे रात्री. ज्याचे काम उल्हासनगर-कल्याणच्या कॉलेजांत भागते त्याने खुशाल घरी राहावे. घरच्या भाकरीस तोड नाही. परंतु बदलापुराहून मुंबईचे शेवटचे स्टेशन ६८ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन रोज १३६ किलोमीटर, तेही दारात लोंबकळत! ज्या पोराचे चार तास गाडीत गेले त्याने पुस्तक कधी उघडावे? आणि ज्यास लोणेऱ्यास तंत्रशिक्षणासाठी, दापोलीस शेतकीच्या शिक्षणासाठी किंवा पुण्यास जावयाचे आहे, त्यास तर लोकलचा उपयोगच नाही. ज्या पोरीच्या घरी एका खोलीत सात माणसे निजतात तिला अभ्यासास दिवा व टेबल कोठून मिळणार? गरिबाच्या लेकरास वसतिगृह ही चैन नव्हे. श्रीमंताच्या घरात जी अभ्यासाची खोली असते ती गरिबाने दहा जणांत मिळून केलेली आहे, एवढेच.

आणि ही खोली आपणांस फुकट मिळालेली नाही. आपल्या वांगणी-बदलापूरच्या रुळांवरून महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापुरास जाते. २७ जुलै २०१९ रोजी ती गाडी उल्हास नदीच्या पुरात येथेच अडकली, हजाराच्या आसपास उतारू पाण्याने वेढले गेले, आणि सरकारी पथकांच्या बोटींबरोबर आसपासचे गावकरीही धावले, हे आपण विसरला नसाल. ती गाडी ज्या गावी जाते ते कोल्हापूर म्हणजे आपल्या वसतिगृहांचे माहेर. राजर्षी शाहू छत्रपतींनी पाहिले, की खेड्यातला पोर शाळेत येत नाही याचे कारण त्याची बुद्धी नव्हे. शहरात त्याला पाठ टेकावयास जागा नाही व दोन वेळच्या अन्नाची सोय नाही, हे खरे कारण. १८९६ साली त्यांनी सर्वांसाठी म्हणून एक वसतिगृह उघडून पाहिले, परंतु त्याचा लाभ बहुजनांच्या मुलांपर्यंत पोचेना. तेव्हा १९०१ साली मराठा व जैन विद्यार्थ्यांसाठी, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या बांधवांच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. शिंपी, सोनार, लिंगायत, कोणासही त्यांनी वगळले नाही.

त्या वसतिगृहांत एक भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो गेला, आणि परत आल्यावर विटाळ गेला पाहिजे म्हणून आंघोळ कर असे सांगितले असता त्याने साफ नकार दिला व राहती जागा गमावली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ज्याला वसतिगृहातून बाहेर पडावे लागले त्यानेच पुढे १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह उघडले, की जेथे महाराचे, मराठ्याचे, मुसलमानाचे पोर एका पंक्तीस बसून जेवत असे. मुले स्वतः दळीत, स्वतः रांधीत, स्वतः शेतात खपत. आणि जेव्हा पोरांच्या पोटास धान्य उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर गळ्यातले मंगळसूत्रही दिले! १९२५ साली सोलापुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह उघडले, अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांनी तेच केले. लेकरांनो, तुम्ही ज्या खाटेवर निजणार आहात तिच्यामागे हा इतिहास आहे. ती खाट म्हणजे कोणी घातलेली भीक नव्हे. तुमच्या वाडवडिलांच्या घामाचा व लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राचा तो वारसा आहे. तेव्हा तेथे मान खाली घालून जाऊ नका, आणि त्या खाटेवर लोळून वर्षही घालवू नका.

आता कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट कागदांची. आपला माणूस शेतात हुशार, पण कागदात फसतो. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रके, जातीचा दाखला, तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, जात वैधता प्रमाणपत्र आणि इतर मागास वर्गातल्यांस नॉन क्रिमीलेअर, एवढे सर्व एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. प्रत्येकाच्या पाच-पाच प्रती काढा. अस्सल कागद कोणाच्याही हाती ठेवून येऊ नका. द्यावाच लागला तर पोच घ्या. बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हे निघण्यापूर्वी बँकेत जाऊन विचारा. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खाते जोडलेले नसल्यामुळे पैसे अडकलेली मुले आम्ही पाहिली आहेत. एका मुलीस आम्ही स्वतः एका कचेरीत घेऊन गेलो, तर एका दाखल्यावरील नावात काना कमी म्हणून तिला तीन खेपा घालावयास लावल्या. म्हणून नाव सर्व कागदांवर अक्षरशः एकच आहे ना, हे आजच घरी जाऊन दिव्याखाली पाहा.

दुसरी गोष्ट सोयीसवलतींची. सरकारी वसतिगृहे समाजकल्याण खात्याची आहेत, आदिवासी विकास खात्याची आहेत. ठाकर-कातकरी बांधवांनी दुसऱ्या खात्याकडे जरूर चौकशी करावी. कोठे खाणावळ असते, कोठे जेवणाचे पैसे खात्यावर येतात. ते आधी विचारा, म्हणजे पहिल्या महिन्यात हात कोरडे पडणार नाहीत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तरी वाट बंद होत नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांस स्वयं योजना, इतर मागास व भटक्या-विमुक्तांस सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांस पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी व रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून यंदाच्या अटी यंदाच वाचाव्या. शेजारच्या पोराला तीन वर्षांपूर्वी काय मिळाले यावर विसंबू नये. २०२४ साली सरकारने वर्षास आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ केले. परंतु मायबहिणींनो, शुल्क माफ म्हणजे खोली व जेवण माफ नव्हे. तो हिशोब निराळा मांडून ठेवा.

तिसरी गोष्ट ट्रंकेची. आई घर बांधून देऊ पाहते. पण खोलीत खाटेखाली जेवढे मावेल तेवढेच न्यावे. दोन चादरी, एक पांघरूण, दोन टॉवेल, रोजचे कपडे, ताट-वाटी-पेला, बादली-तांब्या, कुलूप व त्याच्या दोन किल्ल्या, विजेरी, सुई-दोरा. किल्ल्यांपैकी एक ट्रंकेत टाकू नका, म्हणजे दुसरी हरवली तर हसे होणार नाही. सुतारदादा, आपण पोरास एक छोटी फळी करून द्या, ती मांडीवर घेऊन कोठेही लिहिता येते. लोणचे, चटणी, नाचणीचे पीठ जरूर द्या. ते पोटापेक्षा मनाला अधिक लागते. पाणी तापवावयाची विजेची सळई पुष्कळ ठिकाणी वापरू देत नाहीत, आणि ते बरेच आहे. वापरणे भाग पडले तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. आपल्या गावच्या विहिरीवर गार पाण्याने कोणी मेला नाही, पण सळईने माणसे मेली आहेत.

चौथी गोष्ट पैशांची. एक वही करा. महिन्याच्या पहिल्या दिवशी खाणावळीचे पैसे आधी भरा. भरलेले पोटात जातात, खिशातले दुसऱ्याच्या पोटात जातात. उरलेल्याचे चार भाग करा, दर आठवड्यास एकच भाग काढा. उसने देणे व उसने घेणे, पहिले वर्ष दोन्ही बंद. आपल्या आज्यांनी सावकाराच्या वहीवर अंगठा उमटविला व जमिनी घालविल्या. आता तो सावकार मोबाइलमध्ये शिरला आहे. 'पाच मिनिटांत कर्ज' म्हणतो, आणि पाच महिन्यांत पोराच्या मित्रांस, आईबापांस फोन करून अब्रू घेतो. त्या दारात पाऊल टाकू नका. तसेच 'तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, मोबाइलवर आलेला आकडा सांगा' असा फोन आला तर तो चोर समजावा. सरकार असा आकडा विचारीत नाही.

पाचवी गोष्ट पहिल्या पंधरवड्याची. हे दिवस फार वाईट जातात, आम्ही भोगलेले आहेत. अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहातून आम्ही अकराव्या दिवशी पळून घरी आलो होतो! भात अर्धा कच्चा, खोलीतली मुले शहरी, आमची बोली ऐकून हसणारी. रात्री बेडकांचा आवाज नाही म्हणून झोप येईना. घरी आलो तेव्हा वडिलांनी एक शब्द विचारला नाही. जेवू घातले, निजू दिले. पहाटे उठवून स्वतः स्टेशनावर आले व गाडी येईपर्यंत शेजारी बसले. गाडी दिसली तेव्हा एवढेच म्हणाले, 'पेरलेले अकराव्या दिवशी उपटून पाहतात का रे?' आम्ही गाडीत बसलो. आज जो काही चार अक्षरांचा धनी आहे तो त्या एका वाक्यामुळे. तेव्हा लेकरांनो, रडू आले तर रडा, त्यात मर्दपणा कमी होत नाही. पण निर्णय पहिल्या पंधरवड्यात घेऊ नका. आणि आईबापहो, पोर परत आले तर मारू नका, टाकून बोलू नका. आधी जेवू घाला, मग विचारा.

परंतु घरची आठवण येणे निराळे व छळ होणे निराळे. याची फोड नीट ऐका. आठवण रोज थोडी थोडी ओसरते. छळ रोज थोडा थोडा वाढतो. नाव-गाव विचारणे, गाणे म्हणावयास लावणे येथपासून आरंभ होतो आणि कपडे धुणे, पैसे काढून घेणे, मारहाण, जातीवरून टोमणे येथपर्यंत जातो. 'ही येथली रीत आहे' असे जो सांगतो तो खोटे बोलतो. महाराष्ट्रात १९९९ सालापासून छळबंदीचा, ज्यास रॅगिंग म्हणतात त्याच्या बंदीचा, कायदा आहे. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून हकालपट्टी व पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. तक्रार लेखी द्या, एक प्रत आपल्याजवळ ठेवा, तारीख घाला. संस्थेत ऐकले नाही तर १८००-१८०-५५२२ हा देशभरचा फुकट फोन आहे, तो कोणत्याही वेळी चालतो. हा आकडा प्रत्येकाने आत्ता येथेच वहीत उतरून घ्यावा. आम्ही थांबतो.

उतरला? बरे. आणि जे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षास आहेत, जे उद्या दादा-ताई म्हणविणार, त्यांस आमचे सांगणे असे: तुम्हांस कोणी छळले म्हणून तुम्ही पुढच्याला छळाल तर तुम्ही सासुरवास भोगलेल्या व पुन्हा सुनेस जाचणाऱ्या सासूसारखे झालात. नव्या पोरास खाणावळ दाखवा, दवाखाना दाखवा, जुनी पुस्तके द्या. वर्षभर तो तुमचे नाव घेईल.

सहावी गोष्ट सोबत्याची. खोलीत कोण येईल ते तुमच्या हाती नाही. तो कोणत्याही जातीचा, धर्माचा, प्रांताचा असेल. आमच्या या पट्ट्यात आपण काय पाहतो? फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले, १९४९ साली त्या वस्तीस उल्हासनगर नाव मिळाले. परकी बोली बोलणारी माणसे आली, आणि आज आपल्या भगिनी त्यांच्यासोबत खपतात, सणाला एकमेकांची मिठाई खातात. एक अख्खे शहर जर परक्यांसह राहावयास शिकते तर एका खोलीत चार जणांस काय अवघड? आल्या दिवशीच चार गोष्टी ठरवून घ्या: दिवा किती वाजता मालवावा, झाडलोट कोणत्या वारी कोणी करावी, पाहुणा किती दिवस, व कोणाची वस्तू विचारल्याशिवाय घ्यावयाची नाही. आधी ठरविले म्हणजे मागाहून भांडण नाही. कोणाच्या ताटात काय आहे यावरून त्याची पायरी ठरवू नका, आणि आपल्या सुकटीची लाजही बाळगू नका. भाऊरावांची पंगत आठवा.

सातवी गोष्ट शरीराची. पाणी गाळून-उकळून प्या. पावसाळ्यात ताप आला व दोन दिवसांत उतरला नाही तर दवाखाना गाठा, रक्त तपासा; सोबत्याच्या उरलेल्या गोळ्या गिळू नका. टॉवेल व पांघरूण दुसऱ्यास देऊ नका, कारण खरूज त्यातून पसरते. खोलीत एकास झाली तर सर्वांनी एकदम औषध लावावे व कपडे गरम पाण्यात धुवावे, नाहीतर ती फेर धरून फिरते. ती झाली म्हणजे कोणी घाणेरडा ठरत नाही. मुलींनो, महिन्याच्या अडचणीत लागणारे सामान ट्रंकेत आधीच ठेवा, दुखणे असह्य झाल्यास संकोच न करता डॉक्टरीणबाईंस दाखवा. आणि मन खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटले, तर तोही एक आजारच आहे. पाय मोडल्यावर जसे सांगता तसे तेही सांगा. पोरा, नापास झालेला पेपर पुन्हा देता येतो.

आठवी गोष्ट अभ्यासाची. थोडक्यात सांगतो. घरी असता बाप उठवीत असे, आई चूल पेटवीत असे; तेथे उठविणारे कोणी नाही. स्वातंत्र्य ते हेच, आणि बुडविणारेही तेच. पहाटेची वेळ आपल्या घरचा संस्कार आहे, ती सोडू नका. पहिल्या महिन्यात वर्गात इंग्रजी डोक्यावरून जाईल. ते तुमच्या बुद्धीचे उणे नव्हे, माध्यमाचे आहे. रोज दहा शब्द वहीत लिहा, मास्तरांस वर्ग संपल्यावर मराठीत विचारा. शंका विचारणाऱ्यास कोणी हसले तर हसू द्यावे. हसणारा परीक्षेत तुमचा पेपर लिहावयास येत नाही.

आता मुलींच्या बापांस दोन शब्द. आपल्यांतील कित्येकांच्या मनात आज एकच विचार आहे: पोरगी परगावी, लोक काय म्हणतील? लोक पूर्वीही बोलत. पुण्यास सावित्रीबाई शाळेत शिकवावयास जात तेव्हा लोकांनी शेणाचे गोळे मारले. आज त्या मारणाऱ्यांचे नाव कोणास ठाऊक आहे? वसतिगृह पाहावयास स्वतः जा. फाटकावर पहारा आहे का, रात्री दिवे असतात का, न्हाणीघराच्या दारांस कड्या आहेत का, अधीक्षिकाबाई तेथेच राहतात का, हे डोळ्यांनी पाहा. ते सर्व पाहून मग पोरीवर विश्वास टाका. दर तासाला फोन करून तिची झडती घेणे हा विश्वास नव्हे. आणि तिच्याकडून काही वाकडे घडल्याचे कानावर आले, तर पहिली शिक्षा म्हणून शिक्षण तोडू नका. पोरींस ठाऊक असते, की सांगितले तर घरी बसवतील. म्हणूनच त्या सांगत नाहीत. न सांगण्याचे ते कुलूप आपणच घातलेले आहे.

आणि सर्व आईबापांस शेवटचे. आठवड्यातून एक वार व वेळ ठरवा, त्या वेळी निवांत बोला. 'पैसे पुरतात का, अभ्यास होतो का' एवढ्यावर थांबू नका. आमची चूक आपण करू नये. 'काल रात्री काय जेवलास? खोलीत कोण कोण आहे? कोणाची भीती वाटते का?' असे विचारा. उत्तर आले नाही, किंवा नुसते 'बरे आहे' आले, तर पुढच्या रविवारी गाडी पकडा व स्वतः जाऊन पाहा. एक रोज बुडेल, बुडू द्या. आपण भाताच्या रोपाकडे रोज बांधावर जाऊन पाहतो, पान पिवळे दिसले तर मुळाशी हात घालतो. पोराचे पान फोनवरून दिसत नाही.

आपल्या गावातून यंदा जी मुले-मुली निघाली आहेत त्यांनी आमचा मोबाइलचा आकडा घेऊन जावा. रात्री-अपरात्री केव्हाही फोन करा. गुरुजी काय म्हणतील असा विचार मनात आला, तर समजा, की त्याच विचाराने आमचा एक विद्यार्थी आम्ही गमावला आहे. दुसरा गमावण्याची ताकद आमच्यात नाही.

बैठकीस येण्यापूर्वी आम्ही त्या रिक्षावाल्या विद्यार्थ्यास विचारले होते, की तुझी हकीगत नाव न घेता सांगू का? तो क्षणभर थांबला व म्हणाला, 'सांगा गुरुजी. आणि निघायच्या दिवशी पोरांचे सामान माझ्या रिक्षातून स्टेशनावर नेईन म्हणून सांगा.' तेव्हा लेकरांनो, ज्या दिवशी निघाल त्या दिवशी त्याच्या रिक्षातून जा, आणि उतरताना त्याच्या पाया पडा. या बाबतीत तोच तुमचा खरा गुरू आहे.